घर घेताना-विकताना घरच्यांना कधी आणि कशासाठी विचारायचं: पहिल्यांदाच व्यवहार करणाऱ्यांसाठी

घराचा व्यवहार एकट्याने करू नये, हे माझं ठाम मत आहे. पण बहुतेक ठिकाणी होतं काय, की रविवारी सॅम्पल फ्लॅट बघितला, तिथल्या सेल्सवाल्याने सांगितलं की आजच बुक केलं तर हा रेट, संध्याकाळपर्यंत टोकन गेलं आणि मग रात्री बाबांना फोन, की घेतला बरं का फ्लॅट. बाबा खूश होतात, दुसऱ्या दिवशी काका विचारतात की भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) कधी मिळणार आणि पार्किंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय का, आणि याचं उत्तर कोणाकडेच नसतं. काकांचे प्रश्न बरोबरच होते, फक्त ते पैसे देऊन झाल्यावर आले. म्हणून विचारायचं ते टोकनच्या आधी, प्रत्येकाला एक ठरावीक काम देऊन, आणि निर्णय मात्र ज्याच्या नावावर घर आणि कर्ज असेल त्याचा. हे कसं जमवायचं ते पुढे सांगतो. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले दर आणि नियम वेगळे असतात.

पायरी १: आधी नवरा-बायकोत ठरवा, मग बाहेर बोला

जे दोघं हप्ता भरणार त्यांचंच एकमत नसेल आणि तशात दोन्हीकडच्या आईवडलांना विचारलं, तर घराची चर्चा बाजूला राहते आणि माहेर-सासर सुरू होतं. त्यामुळे एरिया, जास्तीत जास्त बजेट आणि घर कोणाच्या नावावर, या तीन गोष्टी आधी तुमच्यात कागदावर लिहून काढा.

बजेट काढताना नवीन लोक नेहमी एक गोष्ट विसरतात. बँक घराच्या किमतीचं पूर्ण कर्ज देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्या वर ७५ टक्क्यांपर्यंत अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्यात साधारणपणे धरत नाहीत. म्हणजे पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट असेल तर १६ लाख तुमचे, वर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार स्टॅम्प ड्युटी, ३० हजार रजिस्ट्रेशन, असे जवळजवळ २२ लाख हातात पाहिजेत, आणि फर्निचर, शिफ्टिंग, वकील हे अजून वेगळंच. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात ड्युटीत १ टक्का सूट मिळते, पण त्यात नवऱ्याचंही नाव घातलं की ती जाते. हे आकडे हातात असले की मामा जेव्हा म्हणतात "अजून पाच-सात लाख टाक आणि थ्री बीएचके घे" तेव्हा उत्तर देता येतं, नाहीतर माणूस नुसता हो हो करत बसतो.

पायरी २: कोणाला विचारायचं

सगळ्यांना विचारू नका. तीन-चार माणसं पुरतात, पण ती वयावरून किंवा मानावरून न निवडता कामावरून निवडा. प्रत्येक घराण्यात कागद वाचणारा एक माणूस असतोच, बँकेतून नाहीतर महसूल खात्यातून रिटायर झालेले काका, किंवा जिला प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करवत नाही अशी आत्या. बांधकाम समजणारा कोणीतरी असतो, सिव्हिल इंजिनिअर भाचा किंवा साइटवर काम केलेला मेहुणा. गेल्या दोन-तीन वर्षांत स्वतः घर घेतलेली बहीण किंवा चुलत भाऊ असतो, आणि हा माणूस सगळ्यात उपयोगाचा, कारण त्याला आजचे दर, आजची पद्धत, आजच्या अडचणी माहीत असतात. आणि चौथी व्यक्ती म्हणजे त्या घरात दिवसभर राहणार असलेली आई किंवा सासूबाई.

ज्यांनी घर १९९० च्या आसपास घेतलं त्यांचा सल्ला जरूर घ्या, माणूस ओळखण्यात आणि घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण त्यांच्या काळात रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणारा कायदा, नव्हता. त्याचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झालं आणि तेव्हापासून कार्पेट एरियावर (घराच्या आतली वापरायची जागा) बोलायचं असतं, सुपर बिल्टअपवर (जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरून) नाही. त्यांनी "आमच्या वेळी एवढ्या पैशात केवढं घर यायचं" म्हटलं की वाद घालत बसू नका, दोन्ही कार्पेटमध्ये मोजून दाखवा.

ज्याचा व्यवहारात स्वतःचा फायदा आहे त्याला सल्लागार करू नका. नात्यातला कोणी एजंट असेल, किंवा त्याच बिल्डिंगमधला स्वतःचा फ्लॅट त्याला काढायचा असेल, तर तो वाईट माणूस आहे असं नाही, पण त्याची बाजू वेगळी आहे. एजंट नातेवाईकाकडूनच घर घ्यायचं असेल तर दलाली किती आणि कोणाकडून हे पहिल्याच दिवशी विचारा आणि महारेराचा एजंट नोंदणी क्रमांक मागा. नात्यात हे विचारायला जड जातं, पण भीड भिकेची बहीण असते आणि घराच्या व्यवहारात ती लाखांनी महाग पडते.

पायरी ३: घर बघायला नेताना

निघण्याआधी गाडीतच सगळ्यांना सांगा की एजंटसमोर किंवा मालकासमोर "आवडलं" म्हणायचं नाही आणि किमतीचा आकडा काढायचा नाही. आईने गॅलरीत उभं राहून "किती छान हवा येतेय गं" म्हटलं की समोरच्याला जे कळायचं ते कळतं. आवडलं-नाआवडलं ते घरी येऊन.

बाकी आईला मात्र मोकळं सोडा. ती शेजारणीशी बोलेल, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, मेंटेनन्स किती, वरच्या मजल्यावर पावसाळ्यात गळतं का, हे सगळं दहा मिनिटांत काढेल, जे तुम्हाला ब्रोशरमध्ये कधीच मिळणार नाही. पुण्यात अनेक भागांत टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो त्यामुळे हा प्रश्न फार महत्त्वाचा. इंजिनिअर भाच्याला बाथरूमच्या खालच्या भिंती, बीमचे तडे, ड्रेनेज बघायला लावा. आजी-आजोबा सोबत राहणार असतील तर त्यांना एकदा तरी न्याच, जिना, लिफ्ट, बाथरूमचा उंबरठा हे त्यांच्या पायांनाच कळतं. एकदा सकाळी आणि एकदा ऑफिस सुटायच्या वेळेला असं दोनदा बघा.

पायरी ४: कागद

इथे घरच्यांचं काम आणि वकिलाचं काम यात गल्लत करू नका. कागद वाचणाऱ्या काकांनी फाईल लावायची, काय कमी आहे त्याची यादी काढायची, प्रश्न लिहून ठेवायचे. टायटल (मालकी हक्क) क्लिअर आहे की नाही हे सांगायचं ते वकिलाने, आणि तो वकील तुमचा पाहिजे, बिल्डरने सुचवलेला नाही. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, "बँकेने लोन दिलंय म्हणजे सगळं ओके" यावर थांबू नका.

नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून बघा, प्रकल्प कधी पूर्ण करायचा आहे, तारीख किती वेळा वाढवून घेतली, जमिनीवर काही केस किंवा बोजा दाखवलाय का, सगळं तिथे असतं. आणि हे पाठ करून ठेवा: रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "बाकीचं नंतर रजिस्टर करू, आधी २० टक्के भरा" असं कोणी म्हणालं की काकांना पुढे करा.

रिसेलचा फ्लॅट असेल तर पहिल्या मालकापासून आतापर्यंतचे सगळे अ‍ॅग्रीमेंट, त्यांच्या इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, आधीचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र, एवढं मागा. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदींत मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) घ्या आणि शक्य असेल तर पेपरात जाहीर नोटीसही द्या, म्हणजे कोणाचा हक्क असेल तर तो आधीच पुढे येतो. सोसायटीच्या नावावर डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने करून दिली नाही तरी जमिनीची मालकी सोसायटीकडे येणं) झालंय का तेही विचारा. सोसायटी ट्रान्सफरसाठी भरमसाट पैसे मागत असेल तर सांगा की ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, "डोनेशन" म्हणून त्याहून जास्त मागता येत नाही.

पायरी ५: नातेवाईकांचे पैसे

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. सल्ला चुकला तर सुधारता येतो, पण पैशाचं नीट बोलणं झालं नाही तर दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांकडे जात नाहीत.

कोणी पैसे देत असेल तर ते भेट की उसने, हे घेतानाच बोला. "बघू रे नंतर" यावर सोडू नका. उसने असतील तर साध्या कागदावर रक्कम, तारीख, कधी परत, व्याज आहे की नाही, दोघांच्या सह्या, आणि पैसे बँकेतूनच. उसने असोत नाहीतर घराचं टोकन, २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो.

भेट असेल तर नातं बघा, कारण इन्कम टॅक्समध्ये नातेवाईक म्हणजे कोण हे ठरलेलं आहे. आईवडील, आजी-आजोबा, सख्खे भाऊ-बहीण, नवरा-बायको, सासू-सासरे, दीर-नणंद-मेहुणे, आणि आईवडलांचे सख्खे भाऊ-बहीण म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी, यांनी दिलेल्या भेटीवर टॅक्स नाही, रक्कम कितीही असो. पण चुलत-मामे-आते-मावस भावंडं यात येत नाहीत, मित्र तर नाहीच, त्यांच्याकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर भेट आली की सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात. गंमत अशी की मामाने भाच्याला दिलं तर चालतं, पण भाच्याने मामाला दिलं तर मामाला टॅक्स लागतो. म्हणून चुलत भावाकडून घ्यायचे असतील तर उसनेच घ्या आणि लिहून घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. "सध्या दादाच्या नावावर घेऊ, नंतर बघू" हे अजिबात करू नका. पैसे पूर्ण तुमचे आणि कागदावर नाव फक्त भावाचं, हा व्यवहार बेनामी कायद्यात अडकू शकतो. स्वतःच्या हिशोबी पैशातून बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलं तर चालतं, भाऊ-बहीण किंवा आईवडलांसोबत जोडीने घेतलं आणि तुमचंही नाव कागदावर असलं तर चालतं.

आणि बाबांना कर्जात को-अ‍ॅप्लिकंट किंवा गॅरंटर करायच्या आधी त्यांना स्पष्ट सांगा की तुम्ही हप्ते थांबवले तर बँक त्यांच्याकडे जाणार. त्यांची ग्रॅच्युइटी-पीएफची रक्कम घेणार असाल तर त्यांच्या औषधपाण्याचे, आजारपणाचे पैसे आधी बाजूला काढा, ते "मला काय करायचेत" म्हणाले तरी काढा. त्यांनी मोठी रक्कम घातली असेल तर त्यांचं नाव अ‍ॅग्रीमेंटमध्ये असावं की नाही हे तुमच्या इतर भावंडांसमोर बोला. पुढे वाटणीच्या वेळी हा प्रश्न निघतोच.

पायरी ६: बोलणी आणि टोकन

बोलायला एकच माणूस. कोण ते आधी ठरवा आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. मला विचाराल तर घर घेणाऱ्याने स्वतः बोलू नये, ज्याचा जीव त्या घरात अडकलेला नाही असा मेहुणा किंवा काका बोलला की बरं पडतं. समोरून घाई झाली की "घरात मोठ्यांशी बोलून परवा सांगतो" हे वाक्य वापरा, कोणाला वाईटही वाटत नाही आणि दोन दिवस मिळतात.

टोकन देताना विसार पावती (टोकनची लेखी पावती) लिहून घ्या, त्यात पूर्ण किंमत, पार्किंग, किती दिवसांत साठेखत (विक्रीचा करार), आणि कर्ज मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत, हे हवंच. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापला जाणारा टॅक्स) कापून सरकारकडे भरायचा असतो, हे विकणाऱ्यालाही आधीच सांगा म्हणजे शेवटच्या दिवशी "एवढे कमी का" होत नाही.

पायरी ७: रजिस्ट्रेशनचा दिवस

दुय्यम निबंधक कार्यालयात ओळख पटवायला साक्षीदार लागतात, घरचे दोघं न्या, आधार-पॅन ओरिजिनलसह. पण त्यांना नुसतं बसवून ठेवू नका, एकाला परिशिष्ट वाचायला द्या, फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट, पार्किंग, सर्व्हे नंबर, सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग. टाइप केलेल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये चुका इथेच सापडतात आणि नंतर चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं. विकणारे आजोबा अंथरुणावर असतील तर अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात, त्याला गृहभेट म्हणतात, त्यामुळे त्यांना खुर्चीत घालून नेण्याचा हट्ट करू नका.

विकणाऱ्यांसाठी

विकताना घरच्यांना विचारणं हा ऐच्छिक भाग राहत नाही, विशेषतः घर आईवडलांचं असेल तर. जाहिरात टाकायच्या आधी, एजंटला फोन करायच्याही आधी, सगळ्या वारसांना एकत्र बसवा. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या हिश्श्यात आई, मुलगे आणि मुली समान वाटेकरी, आणि आजी म्हणजे वडलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलांइतकाच जन्मजात हक्क आहे, आणि २००५ ला वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे, आणि गोव्यात तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे तिकडची मिळकत असेल तर तिथलाच वकील बघा.

"ताईचं लग्न झालं, ती काही मागणार नाही" असं गृहीत धरू नका. ताईला बोलवा, किंमत सांगा, तिचा हिस्सा किती होतो तो आकडा सांगा, आणि मग ती काय म्हणते ते ऐका. ती मनापासून सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, आणि त्याआधी तिला स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यायला सांगा. राखी पौर्णिमेला आलेली असताना घाईत सही घेतली असं पुढे कोणी म्हणायला नको. सोसायटीत नॉमिनी म्हणून एका भावाचं नाव आहे म्हणजे घर त्याचं झालं, हाही मोठा गैरसमज आहे, नॉमिनी बाकीच्या वारसांच्या वतीने सांभाळतो. गेलेल्या भावाची मुलं अज्ञान (१८ वर्षांखालची) असतील तर त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते, वहिनीची एकटीची सही पुरत नाही, आणि याला वेळ लागतो म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

कोणी परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार, पॉवर ऑफ अटर्नी) लागेल. ते तिकडच्या भारतीय दूतावासातून प्रमाणित करून पाठवायचं आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. त्यात काय अधिकार दिलाय ते नेमकं लिहा: याच घराच्या कागदांवर सही करायची, नोंदणीला हजर राहायचं. पैसे घ्यायचा अधिकार देऊ नका, पैसे मालकाच्या खात्यातच जाऊ द्या, सख्खा भाऊ असला तरी, त्याच्यावरही उगाच संशय येत नाही. उलट बाजूने, फक्त कुलमुखत्यारपत्रावर कोणी तुम्हाला घर "विकत" असेल तर घेऊ नका, त्याने मालकी मिळत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल आहे. आणि अनिवासी विकणाऱ्याचा टीडीएस १ टक्का नसतो, बराच जास्त असतो, कमी कापण्याचं प्रमाणपत्र आधी काढायला सीएला सांगा.

सीए हा घरातला माणूस नसला तरी या बैठकीत त्याला बसवाच. दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं घर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इथे राहणाऱ्यांना इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे, कोणता स्वस्त पडतो ते आकडे मांडूनच कळतं. वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची किंमत धरतात, म्हणून आजोबांच्या काळचा खरेदीचा कागद शोधून ठेवा. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट मिळू शकते, आणि प्रत्येक वारसाचा हिशोब वेगळा असतो.

पैसे वाटताना खरेदीदाराला सांगा की प्रत्येक वारसाच्या नावाने वेगळा डीडी किंवा थेट त्याच्या खात्यात ट्रान्सफर, आणि कोणाला किती ते खरेदीखतातच लिहा. एकाच्या खात्यात सगळे घेऊन मग वाटू असं ठरलं की आधी टॅक्सचा घोळ होतो आणि मग हिशोबाचा. आईचा हिस्सा आईच्याच खात्यात, तिचं खातं नसेल तर व्यवहाराच्या आधी उघडा, एटीएम कार्ड तिच्याकडेच द्या, आणि ती आता कोणाकडे राहणार आहे हे त्याच बैठकीत, तिला विचारून ठरवा.